टिटवीचं मीठ

९ फेब्रुवारी, रविवार

आज सारखी एक जुनी सकाळ आठवते आहे. कुलाब्याच्या आमच्या दोन खोल्या, मे महिना, मी जमिनीवर बसून लोणच्याच्या कैऱ्या चिरते आहे आणि पद्मनाभ माझ्या पाठीमागून खडेमिठाची पिशवी हळूच उचलतो आहे. मी न वळताच म्हटलं की ते लोणच्याचं आहे, ठेव तिथे. मी त्याला नावानेच हाक मारी, सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. तो म्हणाला, तुझ्या लोणच्यापेक्षा माझ्या टिटवीला जास्त लागतं. मग कैरीची एक फोड मिठात बुडवून माझ्या तोंडात घातली आणि पिशवी घेऊन गेला. एवढंच. दर मे महिन्यात हे होई. मीठ कशाला लागतं, मी कधी विचारलं नाही. टिटवी ही त्याची शिडाची बोट, ती घासत असेल, असं धरून चालले.

आज तीच टिटवी पाहायला बंगळुरूला आले आहे. शंतनु, म्हणजे पद्मनाभचा पुतण्या, विमानतळावर आला होता. येलहंक्यावरून येताना त्याने गाडी हळू केली आणि इथेच रघुनंदनकाका राहतात म्हणून दाखवलं. हे टिटवीचे जुने कप्तान. शर्यतीत पद्मनाभ शिडं सांभाळायचा आणि सुकाणू यांच्या हातात असायचं. जे. पी. नगरला पोचेपर्यंत दोन तास गेले, पण मला कंटाळा आला नाही. दारात स्मिता उभी होती. पाचवा सरून सहावा लागला आहे, चेहरा गोल झाला आहे. तिने माझ्यासाठी वेगळी खोली लावून ठेवली आहे, खिडकीत तुळसही. मी खूप दिवसांनी हसले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शंतनुच्या मित्राचा बंद पडलेला कारखाना आहे बोम्मसंद्र्याला. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये टिटवी लाकडी घोड्यांवर उभी आहे. मी आधी तिला ओळखलं नाही. मला ती पाण्यातली माहीत, अर्धीच दिसणारी. तिचं पोट एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं.

थोडा इतिहास इथे लिहून ठेवते, शंतनुला पुढे उपयोगी पडेल. सागवानी फळ्या, चौतीस फूट लांबी. कोकणातल्या एका खाडीकाठच्या सुताराने पासष्ट सालच्या आसपास बांधली. वाऱ्यात तिच्या दोऱ्या शीळ घालत, म्हणून टिटवी. मुंबईच्या बंदरात तिने किती शर्यती जिंकल्या याचा हिशेब नाही, आणि त्यातल्या एकीतही मी तिच्यावर नव्हते. मी धक्क्यावर छत्री घेऊन. एकदा तरी तुला नेईन, असं तो म्हणत राहिला. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि ती ताडपत्रीखाली पडून राहिली. तिथल्या लोकांनी जागा मोकळी करा म्हटलं, तेव्हा शंतनुने ट्रकमध्ये घालून इथे आणली. पोहायला काकाने शिकवलं, म्हणाला, एवढं तरी करतो. मे महिन्यात कारवारला पाण्यात सोडायची आणि पहिल्या फेरीला मी बसायचं, असं ठरलं आहे. मला दुसरं काही नको.

सुतार महांतेश खानापूरकडचा आहे, त्यामुळे बोलायला आपलं माणूस. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकलेली म्हटल्यावर खूश झाला. त्याने विचारलं, अक्का, समुद्र सोडून ह्या बोटीला इथे डोंगरावर कशाला चढवलाय, प्रलय येणार हाय काय?

तळाच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंना लाकडी बरगड्या आहेत, आणि बरगड्यांमधले कप्पे काळपट, चिकट ढेकळांनी भरलेले निघाले. त्याने एक ढेकूळ जिभेला लावलं. मीठ हाय की ओ, म्हणाला. वर्षानुवर्षांचा कचरा, त्यात मेलेली झुरळं. मला शिसारी आली. आमच्या सिस्टर म्हणायच्या की घाणीवर चढवलेला रंग म्हणजे खोटं बोलणं. मी सगळं खरवडून काढायला सांगितलं आणि मग टँकरच्या पाण्याने दोनदा धुऊन घेतलं. एवढं गोड पाणी बोटीला पाजता, अक्का, आमच्या गल्लीत प्यायला नाही, असं तो हसत म्हणाला. पण धुतलं. आता आतून सागवान कसं सोन्यासारखं दिसतं आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कटकटीशिवाय काही नाही. इथल्या कोरड्या हवेने फळ्या आकसल्या आहेत. सगळे सांधे उघडले आहेत, काहींतून नाणं आरपार जाईल. लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात, तोवर वरून कापूस आणि राळ भरून उपयोग नाही. म्हणून आम्ही ओली पोती टाकतो. पोती दुपारपर्यंत वाळून पापड होतात आणि सांधे आहेत तसेच. पाणी जातं कुठे? खाली थेंब नाही. टँकरवाला उद्या म्हणतो, उद्याचा परवा होतो. फोन केला की स्वल्प अॅडजस्ट माडि, म्हणजे जरा सांभाळून घ्या. शंतनुला सांगावं तर वीकेंडला बघू, काकू. त्याचे वीकेंड लॅपटॉपसमोर जातात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हल्ली शेडमध्ये जेवताना डब्याला चवच लागत नाही. मी घरून नेलेली भाजी अळणी, महांतेशच्या बायकोने, शिवलीलाने दिलेली शेंगाचटणीसुद्धा अळणी. स्मिताला म्हटलं, तुमच्या बंगळुरूच्या मिठात दम नाही. ती म्हणाली, काकू, इथे सांबारात गूळ घालतात, तुम्हाला सगळंच गोड लागायला लागलंय. हसलो दोघी.

महांतेशच्या पोटऱ्यांत गोळे येतात. डावीकडच्या फळ्यांवर रंधा मारत होता, घामाने निथळला होता. मध्येच खाली बसला. मी लिंबू-सरबत करून दिलं. अक्का, मीठ घाला की ओ, म्हणाला. मी दोन चमचे घातलं होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शिवरात्रीच्या सुट्टीनंतर आज शेड उघडली. आनंदाची बातमी: डावीकडचे सांधे मिटले आहेत! पोती न टाकता. जिथे महांतेश काम करत होता, बरोबर तेवढा भाग. फळीला फळी अशी बसली आहे की नख जाणार नाही. मी फोनवर फोटो काढून शंतनुला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

महांतेश मात्र आला नाही. दुपारी शिवलीलाचा फोन आला. तो बरळतो आहे, घरातल्यांना ओळखत नाही, दवाखान्यात ठेवलं आहे. अंगातलं मीठ उतरलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. उन्हाचं असेल, मी तिला सांगितलं. शेडमध्ये ऊन येत नाही, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

४ मार्च, मंगळवार

दुसरा सुतार मिळत नाही. एक जण पाहून गेला आणि बोट बघून म्हणाला, मॅडम, आम्ही किचनची कपाटं करतो. दुसऱ्याने फोनच उचलला नाही. असाच मे येईल आणि जाईल.

आज एकटीच होते. शिडीने वर चढून आत बसले, पद्मनाभ बसायचा तिथे. हात फिरवता फिरवता रडू आलं. वैतागाचंच जास्त. दोन थेंब तळाच्या फळीवर पडले. डाग पडायला हवा होता, तो पडला नाही. थेंब आत गेले, गरम तव्यावर जावेत तसे, पण आवाज न करता. आणि त्या जागी बोटभर सांधा माझ्या डोळ्यांदेखत मिटला.

मी गाल पुसून बोट चाटून पाहिलं. साधं पाणी होतं.

८ मार्च, शनिवार

तोल जातो म्हणून स्मिता मला तिच्या ओळखीच्या डॉक्टर श्रीविद्यांकडे घेऊन गेली. रक्तातलं सोडियम कमी आहे. या वयात होतं, म्हणाल्या. कमी झालं की गोंधळायला होतं, भास होतात, घरच्यांनी लक्ष ठेवावं. शंतनुने ते शेवटचं वाक्य नीट ऐकलं.

परत येताना स्मिताने गाडीत मोठी बातमी म्हणून सांगितलं. तिचं डोहाळजेवण नावेतलं करायचं. पुण्याला तिच्या बहिणीचं झालं तेव्हा पुठ्ठ्याची नाव केली होती. आपल्याकडे तर खरी आहे! तेवीस तारखेचा रविवार ठरला आहे. फुलवाल्याला सांगितलं, फोटोवालाही. शेडमध्येच, टिटवीत बसवून ओटी भरायची, हिरवी साडी, फुलांची शिडं. पद्मनाभकाकांना किती आवडलं असतं ना, असं म्हणाली.

मी हो म्हटलं.

११ मार्च, मंगळवार

रघुनंदनना फोन केला. म्हातारा अजून तसाच. वहिनी, जिवंत आहात का, मी तर पेपरात बघत होतो, असं सुरू केलं. मी मिठाचं विचारलं. ते हसायचे थांबले.

त्यांनी सांगितलं ते असं. लाकूड कुजू नये म्हणून जुने कारागीर बरगड्यांत मीठ भरत, त्यात नवल नाही. पण टिटवीच्या सुताराने निक्षून सांगितलं होतं की हिचं मीठ कधी संपू देऊ नका, दर वर्षी भर घाला. सत्तरच्या दशकात एकदा तिला शर्यतींसाठी हैदराबादच्या तलावात नेलं. हंगामभर गोड्या पाण्यात राहिली, मीठ धुऊन निघालं, कुणी लक्ष दिलं नाही. बोट गळायला लागली. मग एक दिवस गळायची थांबली. त्या दिवशी तिच्यावर राखणीला ठेवलेला माणूस आत आडवा सापडला. जखम नाही, काही नाही. कातडं चिंचेच्या टरफलासारखं. पोलिसांनी ऊन लागलं असं लिहिलं.

म्हणाले, "पद्मनाभने त्यानंतर एक मे महिना चुकवला नाही, वहिनी. तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नाही. मीठ आहे ना आत?"

मी म्हटलं, आहे. का म्हटलं, कळत नाही.

१३ मार्च, गुरुवार

किराणावाल्याकडून खडेमिठाची दोन पोती ऑटोतून नेली. लोणची का, अम्मा, असं ऑटोवाल्याने विचारलं. एकटीने कप्पे भरले, दुपार गेली. पाठ मोडली. बरं वाटलं. आता होईल सगळं ठीक.

१४ मार्च, शुक्रवार

सगळं मीठ जमिनीवर. कप्पे रिकामे. मूल नको असलेला घास बाहेर ढकलतं, तसं. मी एक खडा तोंडात टाकला. खारट होता. तिने त्याला शिवलंसुद्धा नाही.

तिला आता हे नको.

मी धुतली तिला. स्वच्छ, सोन्यासारखी. मीच.

१६ मार्च, रविवार

शंतनुला सगळं सांगितलं. क्रमाने, शांतपणे, वर्गात उत्तर देतात तसं. मिठाचं, महांतेशचं, हैदराबादचं. त्याने माझा हात हातात घेतला. तेव्हाच कळलं, की ऐकत नाहीये. काकू, तुमचं सोडियम कमी आहे, म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. महांतेशलाही तेच झालं आहे ना, मी म्हटलं. म्हणजे बघा, कॉमन आहे, तो म्हणाला.

या प्रेमळ माणसांच्या डोक्यात काही शिरवणं म्हणजे— असं वाटलं बशी आपटावी. आपटली नाही. आता मी शेडवर जायचं नाही, असं ठरलं. किल्ली त्याने फ्रिजवर ठेवली. रघुनंदनना बोलाव म्हटलं, तर त्या वयात त्यांना कशाला त्रास.

१८ मार्च, मंगळवार

स्मिता आज शेडवर जाऊन आली. सजावटवाल्याला माप द्यायला. मला न सांगता गेली, मी झोपले होते. आत बसून फोटोही काढला. हसते आहे. तिच्या मागे उजवीकडच्या फळ्यांचा सांधा मिटलेला—

जेवताना तिने दोनदा घास घेतला, ताटाकडे पाहिलं. म्हणाली,

"काकू, वरणात मीठ घालायला विसरलात का?"

मीठ होतं. शंतनुने ते निमूट खाल्लं होतं, तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

१९ मार्च, बुधवार

स्मिताचे पाय वळले. बाळ कमी हलतं आहे म्हणाली. डॉक्टरांकडे नेलं. पोटातलं पाणी थोडं कमी झालं आहे, पण काळजीचं कारण नाही, भरपूर पाणी पी, आराम कर. रविवारचा कार्यक्रम बसल्या बसल्या करायला हरकत नाही.

ते पाणी खारट असतं. बाळाच्या भोवतीचं. शाळेत सिस्टरांनीच शिकवलं होतं, प्रत्येक मूल आधी एका छोट्या समुद्रात राहतं.

टिटवीला तोच पाहिजे आहे.

२० मार्च, गुरुवार

पुन्हा सांगितलं. रडले, पाया पडते म्हटलं. स्मिताही रडली. काकू, माझी आई नाही, तुम्ही तरी आनंदाने करा ना. मी तिला जवळ घेतलं. गाल पुसले तिचे, बोट चाटून पाहिलं. तिचे अश्रू—

गोडे. पोरीचे अश्रू म्हणजे गोडं पाणी.

शंतनु म्हणाला, काकू, आता पुरे. फुलं आली आहेत, पाहुणे निघाले आहेत पुण्याहून.

२१ मार्च, शुक्रवार

किल्ली फ्रिजवर. सगळे खरेदीला. ऑटो. जाळायला रॉकेल मिळत नाही हल्ली कुठे. सजावटवाल्याच्या पणत्यांचं तेल ओतलं, काडी लावली. पेटत नाही. लाकूड आतून ओलं आहे. किती जणांचं—

सगळे सांधे मिटले. उजवीकडचेही, स्मिता फोटोला बसली होती त्या बाजूचे. एकच उरला आहे. तळाशी, कण्याला लागून, मधल्या भागात. माणूसभर लांब.

हैदराबादेत ती गळायची थांबली होती. म्हणजे भरली, की थांबते. पुढे इतकी वर्षं कुणाला काही केलं नाही. म्हणजे भरली की—

२२ मार्च, शनिवार

दुपार. शेडमध्ये. सजावटवाले जेवायला गेले आहेत. आत बसून लिहिते आहे. फुलांची शिडं लावून झाली आहेत, शेवंती आणि मोगरा. छान दिसते आहे. धक्क्यावर छत्री घेऊन उभी असायचे, तेव्हा वाटायचं, आत कसं असेल. असं आहे. वारा नाही, तरी दोऱ्या शीळ घालतात.

एकदा नेईन म्हणाला होता.

शंतनु, ही वही तुला मिळेल. नीट वाच. सोडियम म्हणू नकोस.

हिरवी इरकल स्मिताची. डोहाळजेवण घरी कर, जे. पी. नगरला, गच्चीवर. पुठ्ठ्याची नाव छान असते.

मोत्याच्या कुड्या तुझ्या मुलीला, मुलगा झाला तर सुनेला.

लोणच्याची बरणी शिवलीलाला. महांतेश घरी आला आहे, त्याला वाढ म्हणावं. त्याला चव लागली तर मला— कुणाला तरी सांगा.

पद्मनाभचं घड्याळ रघुनंदनना. मी खोटं बोलले, मीठ नव्हतं. त्यांना सांग. मे महिन्यात त्यांनीच उभं राहून भरून घ्यावं, आणि मग टिटवी कारवारला, खाऱ्या पाण्यात, एकटी. कुणी बसू नये.

तळाला आडवी झाले आहे. पाठीखाली गार. जीभ टाळूला चिकटते. दुखत नाही. सांधा मिटतो आहे, खांद्यापाशी, कमरेपाशी. लोणचं घालताना फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं ना, तसंच—

मिटला. पूर्ण मिटला. बघ, शंतनु, झालं. भरली.

पण डावीकडे, महांतेशच्या बाजूला, उजेडाची रेघ दिसते आहे. सकाळी नव्हती. आणखी एक. उघडताहेत. सगळे परत उघ— हिला पुरत नाही, शंतनु, एक माणूस पुरत नाही, मी चुकले, म्हातारीत कितीसं मीठ— उद्या स्मिताला घरातून बाहेर

स्मिताला